तीन ओळींनी सेव्ह

चाळीस टक्के दाखवत होता
आणि पुढच्या क्षणी काळा.
चाळीस म्हणजे चाळीस नाही
हे कळायला मला एका प्रबंधाचं चौथं प्रकरण लागलं:
'दुग्धव्यवसाय : समस्या व उपाय',
पान एकशे सहा ते एकशे एकोणीस.
समस्या राहिल्या.
उपाय गेले.

त्याच्या आधी पंखा.
सुरुवातीला नुसता घरघरायचा,
मिक्सरमध्ये चमचा राहिल्यासारखा,
मग किंचाळायला लागला,
मग एक दिवस गप्प. आणि मला बरं वाटलं.
तीच चूक.
तळव्यांखाली तवा झाला,
तेव्हा मी त्याला कूलरसमोर नेऊन ठेवलं,
ताटीत नवा वाळा, टाकीत गार पाणी,
सेहेचाळीस डिग्रीत माणसाचं जे करतो तेच.

रोशन पराते हे ऐकून स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवतो.
"काकू, कूलरची ओली हवा मारता याले?
अन् रात्री कुठं ठेवता? गादीवर?"
उशीवर, खरं तर.
"मंग श्वास कुठून घेईन तो?"

गोळीबार चौकातलं दुकान, आठ बाय सहा.
भिंतीवर आजोबांच्या मागाचा धोटा,
त्याच्या पोटात आता सोल्डरिंगची तार.
अकरा स्क्रू निघतात, निघाले त्याच क्रमाने
उलट्या झाकणात बसतात,
एक तेवढा आखूड, तो बाजूला.
खालचं कवच उचललं, तर पंख्याच्या तोंडाशी
करडा नमदा, बोटभर जाड.
चिमट्याने ओढला, अख्खा आला, फाटला नाही.
"नऊ वर्षांचा माल," म्हणाला,
आणि बोलता बोलता त्याचा पेळू वळला.
हात काय करतायत ते बघतही नव्हता.

त्या पेळूत वाळ्याची काडी,
बारीक शेवेचा चुरा,
आणि एक लांब केस, तांबूस रंगवलेला.
माझा नव्हे. मितालीचा.
कॉलेजची चार वर्षं तिने यावर काढली,
नोकरीत कंपनीने नवा दिला,
हा माझ्याकडे आला, तिच्या स्टिकरांसकट.
केस मी काही उचलून घेतला नाही.
रोशनने सगळंच डब्यात टाकलं.
बरोबरच आहे.

मग बॅटरी. टम्म फुगलेली.
टचपॅड वर आला होता तो तिच्यामुळे,
आणि मी समजत होते
माझंच बोट आता नीट लागत नाही.
"हिले टोचायचं नाई, दाबायचं नाई,
घरच्या कचऱ्यात तर टाकायचंच नाई."
दोन्ही तळव्यांवर तोलून त्याने ती
वाळूच्या घमेल्यात ठेवली,
झोपलेल्या कुणाच्या उशाशी काही ठेवावं तशी.

नवी? कंपनीने बनवणंच सोडलंय.
बर्डीत दुसरी मिळते, अर्ध्या किमतीत.
"पण मी माह्या मायच्या लॅपटॉपमंदी नाई टाकणार."
आई लॅपटॉप वापरते?
"नाई. पण नाई टाकणार."

प्रोसेसरवरचा जुना लेप खडूसारखा झडला.
नवा लावला, तांदळाच्या दाण्याएवढा.
पंख्याच्या आसाला शिलाई मशीनच्या तेलाचा
एक थेंब. दुसरा मागितला तर म्हणाला, नाई.
सुरू केला. मी कान लावला.
आवाज आहेच,
पण आता त्यात हवाही आहे.

साडेचारशे रुपये.
आता तो बॅटरीशिवाय चालतो, वायरवर,
मागच्या बाजूला बाटल्यांची दोन बुचं लावून उंच केलेला,
कूलरकडे पाठ.
वायर हलली की गेला,
लाइट गेली की गेला,
आणि मेमध्ये मानेवाड्यात लाइट कधी जाईल
ते लाइटलाही माहीत नसतं.
म्हणून तीन ओळी, की सेव्ह.
तीन ओळी, की सेव्ह.
भाजी फोडणीला टाकली तरी
डाव्या हाताची करंगळी कट्ट्यावर काहीतरी दाबते.

दुग्धव्यवसायवाल्यांचा फोन येतो :
मॅडम, उपाय झाले का?
होताहेत, म्हणते.
पहिला झाला, चाऱ्याचा.
दुसरा अर्धा झालाय, त्यात शीतकरण केंद्रं

थांबा हं,
सेव्ह करते.